दोन गाद्यांचा एक वारस

कोल्हापूरच्या छत्रपतींचा वंश दत्तकाच्या वाटेने कसा चालला

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापूर मतदारसंघातून श्रीमंत शाहू छत्रपती उभे राहिले, तेव्हा प्रचाराच्या ऐन भरात प्रतिपक्षाकडून असा सवाल टाकण्यात आला की, विद्यमान महाराज स्वतःच दत्तक आलेले असताना त्यांना गादीचे खरे वारस म्हणावे काय. त्यावरून शहरात गदारोळ उसळला, खुलासे आणि प्रतिखुलासे झाले, आणि अखेर महाराज दीड लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आले. निवडणुकीपुरता विषय तेथे मिटला. परंतु त्या सवालाच्या पोटातले कोडे मिटले नाही. कारण ज्या राजर्षी शाहू महाराजांचे नाव दोन्ही बाजूंचे वक्ते आदराने घेत होते, ते मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी, वयाच्या दहाव्या वर्षी, ते दत्तक आले आणि छत्रपती झाले. त्यांच्या आधीचे दोन राजे दत्तक. त्यांचे पुत्र राजाराम महाराज तेवढे औरस. आणि राजाराम महाराजांच्या पश्चात पुन्हा दत्तकच. १७६२ पासून मोजू लागलो तर या गादीसाठी १७६२, १८६६, १८७१, १८८४, १९४१, १९४७ आणि १९६२ अशी सात वेळा दत्तकाची योजना झाली. तेव्हा दत्तक वारस खरा नव्हे असे एकदा धरले, की एक व्यक्ती नव्हे, तर जवळजवळ सारी वंशावळच नामंजूर करावी लागते.

मग वंश म्हणजे नेमके काय चालते? रक्त चालते, नाव चालते, की केवळ सरकारी मंजुरी चालते? या तिन्ही गोष्टी ज्यांच्या एका आयुष्यात एकत्र आल्या ते गृहस्थ म्हणजे आज पुष्कळशा कोल्हापूरकरांना केवळ नव्या राजवाड्यातील संग्रहालयाच्या नावावरून ठाऊक असलेले शहाजी छत्रपती. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी दत्तकाचे यंत्र कसे चालते हे पाहणे अवश्य आहे.

नाव कमी होणे, नाव लागणे

दत्तविधानाची कायदेशीर कल्पना समजण्यास तलाठ्याच्या दफ्तरातला फेरफार डोळ्यांपुढे आणावा. एका उताऱ्यावरचे नाव कमी होते आणि दुसऱ्या उताऱ्यावर ते चढते; दोन्ही उताऱ्यांवर एकाच वेळी एकच नाव त्याच हक्काने राहू शकत नाही. दत्तक दिलेला मुलगा जन्मदात्या घरातून तसाच कमी होतो. त्या घरच्या वाटणीवरचा त्याचा पुढील हक्क संपतो, त्या घरच्या श्राद्धपक्षाचा अधिकार संपतो, आणि नव्या घरी तो औरस पुत्राच्या जागी येतो. एक गोष्ट मात्र या फेरफारात कधीच पुसली जात नाही: विवाहासाठी निषिद्ध मानलेली जन्माची नाती कायम राहतात. शास्त्रकारांनाही शरीराचे नाते पूर्णपणे नाकारता आले नाही, याची ही कबुलीच म्हणावयाची.

प्रत्यक्ष विधीचे मर्म देण्याघेण्यात आहे. देण्याचा अधिकार पित्याचा, आणि पिता हयात नसल्यास मातेचा. आजा, चुलता किंवा थोरला भाऊ यांना तो नाही. म्हणून जुन्या हिंदू कायद्याप्रमाणे ज्याचे आईबाप दोघेही निवर्तले आहेत असा पोरका मुलगा दत्तक जाऊ शकत नसे, कारण त्याला देणारेच कोणी नसे. माणसे जमवून, ब्राह्मणांच्या साक्षीने, देणारा आपला मुलगा दिल्याचे बोलतो, घेणारा तो घेतल्याचे बोलतो, मुलाला मांडीवर घेऊन त्याच्या मस्तकाचे अवघ्राण करतो, आणि त्रैवर्णिकांत त्यानंतर दत्तहोम होतो. मग साखर वाटली जाते, नवे नाव पुकारले जाते. राजघराण्यात यापुढे आणखी एक प्रकरण असे: गादीवर बसवणे, मानकऱ्यांचे मुजरे, नजराणे, आणि सार्वभौम सरकारचा खलिता.

या यंत्रात माणसांची कशी ओढाताण होई, याचे उत्तम उदाहरण १८८४ सालचेच आहे. शाहू महाराजांचे जनक पिता जयसिंगराव तथा आबासाहेब घाटगे हे त्या वेळी कोल्हापूर दरबारचे रीजंट, म्हणजे अज्ञान किंवा असमर्थ राजाच्या वतीने राज्याचा कारभार पाहणारे मुखत्यार होते. आपला थोरला मुलगा त्यांनी विधिपूर्वक देऊन टाकला. आणि कायद्याने जो आता त्यांचा पुत्र राहिला नव्हता, त्याच्याच नावाने १८८६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी राज्य चालवले. धाकटे चिरंजीव पिराजीराव तथा बापूसाहेब हे कागलच्या घाटग्यांकडेच राहिले. अशा रीतीने सख्खे भाऊ दोन निरनिराळ्या घरांचे पुत्र झाले, तरी हयातभर एकमेकांवाचून त्यांचे पान हलले नाही.

राण्यांच्या हातची किल्ली

राजा निपुत्रिक वारला, तर मेलेल्या माणसासाठी मुलगा कोण घेणार? येथे हिंदुस्थानातील निरनिराळ्या प्रांतांचे कायदे एकमेकांपासून फारच दूर गेलेले होते, आणि कोल्हापूरच्या गादीचे दैव पुष्कळ अंशी या भूगोलावर ठरले.

> चौकट : विधवेचा अधिकार, प्रांतोप्रांती
> मिथिलेत विधवेला पतीसाठी दत्तक घेताच येत नसे. बंगालमध्ये घेता येई, परंतु पतीने हयातीत तशी परवानगी दिलेली असली तरच. मद्रासेकडे पतीची परवानगी नसली तरी त्याच्या जवळच्या भाऊबंदांच्या संमतीने काम भागे. मुंबई इलाख्यात, म्हणजे मुख्यतः महाराष्ट्रात, पतीने स्पष्ट मनाई केलेली नसेल तर ती परवानगी आहेच असे गृहीत धरले जाई. या मताला मुख्य आधार सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टांच्या ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचा.

शिवाय जुन्या कायद्यात एक विलक्षण कल्पना होती. विधवेने दत्तक घेतलेला मुलगा दत्तकाच्या दिवसापासून नव्हे, तर पतीच्या मृत्यूच्या क्षणापासूनच घरात होता असे मानले जाई. मध्ये वर्षे गेली तरी ती वर्षे कायद्याच्या दृष्टीने भरून निघत. रिकामी गादी रिकामी नव्हतीच, असे म्हणण्याची ही सोय होती. दत्तकाचे सारे राजकारण या सोयीभोवती फिरते.

कोल्हापुरात ही किल्ली प्रथम फिरवली ती जिजाबाई राणीसाहेबांनी. वारणेच्या तहाने १७३१ मध्ये साताऱ्याहून पृथक झालेल्या या राज्याचे संभाजी महाराज डिसेंबर १७६० मध्ये निपुत्रिक वारले, तेव्हा पुण्याच्या पेशव्यांच्या दृष्टीने दोन छत्रपतींचे एकच राज्य करून टाकण्याची ही आयतीच संधी होती. पुढच्याच महिन्यात पानिपत झाले आणि पुण्याचे लक्ष आपल्या घरच्या जखमांकडे गेले. जिजाबाईंनी १७६२ मध्ये खानवटकर भोसल्यांच्या घरातील मुलगा दत्तक घेऊन शिवाजी या नावाने गादीवर बसवला आणि त्याच्या अज्ञानपणी राज्याचा कारभार स्वतः करारीपणे चालवला. हा दत्तक मुलगा १८१३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षे, राज्य करीत होता. त्याच्यानंतरच्या पिढ्यांत गादी औरस संततीकडे राहिली, आणि शंभर वर्षे दत्तकाची गरज पडली नाही.

मंजुरी कोणाची?

धर्मशास्त्राने पुत्र मिळाला तरी राज्य मिळेलच, ही खात्री कंपनी सरकारच्या अमदानीत राहिली नाही. लॉर्ड डलहौसीने असा सिद्धांत पुढे केला की, खाजगी मालमत्तेचा वारस दत्तक मुलगा खुशाल होवो, परंतु जी संस्थाने कंपनीच्या कृपेने अस्तित्वात आली त्यांच्या राजपदाचा वारस होण्यास सार्वभौम सरकारची अनुज्ञा हवी, आणि ती देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. १८४८ मध्ये साताऱ्याच्या शहाजी तथा अप्पासाहेब महाराजांनी मृत्युशय्येवर घेतलेला दत्तक नामंजूर झाला आणि सातारा खालसा झाले. १८५४ मध्ये त्याच वाटेने झाशी गेली, नागपूरकर भोसल्यांचे राज्य गेले. छत्रपतींच्या दोन गाद्यांपैकी एक औरस पुत्राच्या अभावी बुडाली, ती दत्तक घेता आला नाही म्हणून नव्हे, तर घेतलेला दत्तक कलकत्त्याने मानला नाही म्हणून.

सत्तावन्नच्या उठावानंतर इंग्रजांचा विचार पालटला. संस्थानिक गिळण्यापेक्षा संस्थानिक राखणे राज्याच्या सुरक्षिततेस अधिक हितकर, असे ठरून लॉर्ड कॅनिंगने १८६२ मध्ये ठिकठिकाणच्या राजांना दत्तकाच्या सनदा दिल्या. औरस वारस नसल्यास हिंदू कायद्यास आणि घराण्याच्या रूढीस अनुसरून घेतलेला दत्तक सरकार मान्य करील, असे अभिवचन या सनदांत होते. कोल्हापूरला ती सनद मिळाली, आणि चार वर्षांतच तिचा उपयोग करण्याची पाळी आली.

फ्लॉरेन्स आणि अहमदनगर

१८६६ मध्ये शिवाजी तथा बाबासाहेब महाराज निवर्तले. मरणापूर्वी त्यांनी आपल्या बहिणीचे चिरंजीव नागोजीराव पाटणकर यांना दत्तक घेतले होते. तेच राजाराम महाराज; राजर्षींचे पुत्र राजाराम ते हे नव्हेत. हा तरुण राजा इंग्रजी शिकलेला, चौकस, आणि १८७० मध्ये विलायतेची सफर करून तेथे काय पाहिले याची रोजनिशी लिहिणारा. परतीच्या वाटेवर इटलीत फ्लॉरेन्स मुक्कामी ३० नोव्हेंबर १८७० रोजी, विसाव्या वर्षी, त्यांचा अंत झाला. ज्या नगरीला दहनविधी ठाऊक नव्हता तेथे, आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, काशिने उद्यानाच्या टोकाशी त्यांच्या चितेला अग्नी देण्यात आला. त्या जागी १८७४ मध्ये उभी राहिलेली छत्री आजही आहे. छत्रीखाली इंग्रज शिल्पकार फुलर याने घडवलेला महाराजांचा अर्धपुतळा आहे, रंग दिलेला, डोक्यावर पागोटे, गळ्यात अलंकार. संगमाजवळचा नवा पूलही तेथील लोक या ‘हिंदी’ राजाच्या नावानेच ओळखतात. त्यांची रोजनिशी कॅप्टन वेस्ट याने १८७२ मध्ये संपादून प्रसिद्ध केली.

त्यांच्या पश्चात १८७१ मध्ये भोसले कुळातील नारायणराव हे दत्तक येऊन चौथे शिवाजी महाराज झाले. त्यांची कहाणी सर्वांत करुण. ते वेडे आहेत असे सरकारने ठरवले, त्यांना छळले जात आहे असे जनता म्हणू लागली, त्या प्रकरणात दिवाण बर्वे यांच्यावर लिहिल्याबद्दल टिळक आणि आगरकर यांना १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस काढावे लागले, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, गोऱ्या पहारेकऱ्याशी झालेल्या झटापटीनंतर, महाराजांचा मृत्यू झाला. वीस वर्षांचाच हाही राजा. त्यांच्या विधवा आनंदीबाई राणीसाहेबांनी तीन महिन्यांच्या आत घाटग्यांच्या यशवंतरावांना मांडीवर घेतले.

लेकीच्या मुलाला मज्जाव

आता एक अडचण पाहू, जिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. नंदपंडितांच्या ‘दत्तकमीमांसे’सारख्या ग्रंथांनी असा दंडक घातला होता की, ज्या स्त्रीशी दत्तक घेणाऱ्या पुरुषाचा विवाह शास्त्राने होऊच शकला नसता, तिचा मुलगा त्याने दत्तक घेऊ नये. म्हणजे लेकीचा मुलगा नको, बहिणीचा मुलगा नको, मावशीचा मुलगा नको. हा मज्जाव त्रैवर्णिकांना. शूद्रांना तो लागू नाही. जेथे रूढी सिद्ध होईल तेथे तोही ढिला पडे.

पाटणकरांकडून आलेले राजाराम महाराज बहिणीचे पुत्र होते, हे आठवले की या नियमाचे टोक लक्षात येते. १८९९ पासून वेदोक्ताचे, म्हणजे राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी व्हावेत की नाही याचे, जे प्रकरण पेटले, त्यात छत्रपतींचे क्षत्रियत्व नाकारणाऱ्यांनी हा मुद्दा उपस्थित केला असता तर तो त्यांच्या सोयीचा ठरला असता. आणि क्षत्रियत्व मानणाऱ्यांना दरबारच्या रूढीचा आधार घ्यावा लागला असता. माझ्या मते येथे ग्रंथाचा नियम आणि घराची गरज यांत घरानेच नेहमी जिंकावे हे स्वाभाविक होते. परका मुलगा आणण्यापेक्षा आपल्याच लेकीच्या पोटचा मुलगा आणणे कोणत्याही आजोळाला अधिक रुचणारच. शास्त्राला हे ठाऊक होते, म्हणूनच त्याने मनाई केली असावी.

पेकिंगच्या राजवाड्यात

आपल्याकडची ही ढिलाई किती मोठी होती, हे चीनच्या मांचू बादशहांच्या घराशी ताडून पाहिले की समजते. तेथे दत्तक घ्यायचा तर तो आपल्याच आडनावाचा, आणि शिवाय एक पिढी खालचा, असा कडक नियम. परक्या कुळातला मुलगा घेणे कायद्यानेच निषिद्ध. जानेवारी १८७५ मध्ये तोंगची बादशहा निपुत्रिक वारला तेव्हा राजमाता त्सशीने आपल्या धाकट्या बहिणीचा तीन-चार वर्षांचा मुलगा तख्तावर बसवला. तो बादशाही कुळातलाच होता, पण मृताचा चुलतभाऊ, म्हणजे त्याच्याच पिढीतला! त्यामुळे तो मृत बादशहाचा पुत्र होऊ शकेना. त्याला मृताच्या बापाचा दत्तक करण्यात आले, आणि पुढे याला मुलगा होईल तो तोंगचीचा पुत्र मानू, असे आश्वासन देण्यात आले. मृत बादशहाला श्राद्ध घालणारा मुलगाच उरला नाही, या एका अधर्माचा निषेध म्हणून वू कतू नावाच्या अधिकाऱ्याने १८७९ मध्ये आत्मघात करून घेतला.

आश्वासन १९०८ मध्ये पाळले गेले. तीन वर्षांचाही न झालेला फू-यी तख्तावर आला तो एकाच वेळी दोन मृत बादशहांचा वारस म्हणून. प्रिन्स चुन या त्याच्या जनक पित्याला मुलाच्या नावाने राज्यकारभार पाहण्याचे काम मिळाले, म्हणजे आबासाहेब घाटग्यांचेच पद. १९१२ मध्ये बादशाही संपली. फू-यी पुढे जपान्यांच्या हातचा मांचुकुओचा बादशहा झाला, मग रशियनांचा आणि चिनी साम्यवाद्यांचा बंदी झाला, १९५९ मध्ये सुटल्यावर पेकिंगच्या वनस्पतिउद्यानात काम करू लागला, आणि १९६७ मध्ये एक साधा नागरिक म्हणून वारला. एक मुलगा दोन बापांचा हिशेबी वारस, हा तिथला उपाय. एक वारस दोन गाद्यांचा, हा प्रकार मात्र कोल्हापुरात घडला.

देवासचे विक्रमसिंह

राजर्षी शाहूंच्या थोरल्या कन्या राधाबाई तथा अक्कासाहेब यांचा विवाह १९०८ मध्ये देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याशी झाला. माळव्यातले देवास हे एक विलक्षण संस्थान: एकाच गावात दोन भावांच्या वंशांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये, आणि दोहोंच्या डोक्यावर टेकडीवरची देवी. ४ एप्रिल १९१० रोजी या दांपत्याला पुत्र झाला, तेच विक्रमसिंह.

तुकोजीराव भाविक, लहरी, मोठ्या मनाचे आणि हिशेबात अगदीच कच्चे होते. त्यांच्या दरबारचे चित्र इंग्रजी साहित्याला ठाऊक आहे, कारण १९२१ मध्ये ई. एम. फॉर्स्टर हा कादंबरीकार त्यांचा खाजगी चिटणीस म्हणून काही महिने देवासला राहिला होता. तिथल्या गोकुळअष्टमीच्या उत्सवात जे त्याने पाहिले ते ‘ए पॅसेज टु इंडिया’च्या अखेरच्या भागात उतरले, आणि आठवणी व पत्रे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात. त्या पुस्तकात बाळ विक्रमसिंहही भेटतात. परंतु घर सुखाचे नव्हते. अक्कासाहेब माहेरी कोल्हापुरास येऊन राहिल्या, आणि कोल्हापूरच्या लोकांनी त्यांना मोठ्या ममतेने आपले मानले; बाबूराव पेंटर यांच्याशी निगडित असलेली शालिनी सिनेटोन ही चित्रसंस्था त्यांच्याच आश्रयाने उभी राहिली. पुढे १९२७ च्या अखेरीस युवराजांचे वडिलांशी इतके बिनसले की ते देवास सोडून निघून गेले. खुद्द तुकोजीरावही कर्ज आणि सरकारचा तगादा यांना कंटाळून पाँडिचेरीच्या फ्रेंच हद्दीत जाऊन राहिले आणि तेथेच १९३७ मध्ये वारले. म्हणजे विक्रमसिंहांच्या वाट्याला जी पहिली गादी आली ती भरल्या घरातून नव्हे, तर मोडक्या घरातून आली. त्यांनी ती सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी सेवाही केली.

इकडे कोल्हापुरात त्यांचे मामा, म्हणजे राजर्षींचे पुत्र राजाराम महाराज, २६ नोव्हेंबर १९४० रोजी निवर्तले. त्यांच्या पोटी एकुलती एक कन्या, पद्माराजे. मुलगी गादीवर बसत नाही, तेव्हा १९४१ च्या अखेरीस काही आठवड्यांचे एक मूल दत्तक घेऊन शिवाजी या नावाने छत्रपती करण्यात आले. ते बालराजे सप्टेंबर १९४६ मध्ये, पाच वर्षेही पुरी होण्याआधी, वारले. गादी पुन्हा रिकामी. तेव्हा राजर्षींचे दौहित्र, म्हणजे लेकीचे पुत्र, आणि कैलासवासी राजाराम महाराजांचे भाचे या नात्याने विक्रमसिंहांकडे दृष्टी वळली, आणि ३१ मार्च १९४७ रोजी ते शहाजी या नावाने कोल्हापूरचे छत्रपती झाले. १८६६ प्रमाणेच बहिणीचा मुलगा.

पण विक्रमसिंह काही मांडीवर घेण्याजोगे मूल नव्हते. छत्तीस वर्षांचे, विवाहित, मुलाबाळांचे बाप, आणि एका संस्थानचे विद्यमान अधिपती. अन्य प्रांतांत असा दत्तक चाललाच नसता. मुंबईकडच्या मयूखपरंपरेत मात्र विवाहित, पुत्रवान पुरुषही दत्तक जाऊ शकतो. तो गेला की त्याच्या कुटुंबाची फाळणी कशी होते, हे मुंबईच्या न्यायालयाने विसाव्या शतकाच्या आरंभी स्पष्ट करून ठेवले होते: पत्नी पतीबरोबर नव्या घरात येते, परंतु दत्तकापूर्वी जन्मलेला मुलगा जुन्या घरातच राहतो. देवासला नेमके तसेच झाले. चिरंजीव कृष्णाजीराव तेथील गादीवर बसले आणि पवारच राहिले. वडील भोसले झाले. ज्याला औरस पुत्र आहे असा माणूस नव्या घरात निपुत्रिक ठरला, आणि हीच गोष्ट पंधरा वर्षांनी पुढच्या दत्तकाचा पाया झाली.

नियतीचा विनोद असा, की दोन गाद्यांपैकी एकही फार काळ टिकणार नव्हती. १९४८ मध्ये देवास मध्यभारत संघात गेले. गांधीहत्येनंतरच्या दंगलींनी कोल्हापूर होरपळून निघाले, कारभार सरकारनियुक्त प्रशासकाकडे गेला, आणि १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. शहाजी महाराज पुरती दोन वर्षेही राज्य करू शकले नाहीत. त्यांच्या उरलेल्या आयुष्याची चौतीस वर्षे राजा असण्याची नव्हती, राजघराणे असण्याची होती. तनख्याचे हक्क आणि राजेपणाची सरकारी ओळख हीदेखील १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने गेली. चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराच्या आराखड्याने १८८४ च्या सुमारास पुरा झालेल्या नव्या राजवाड्याच्या खालच्या मजल्यावर १९७४ मध्ये त्यांनी वस्तुसंग्रहालय खुले केले: हत्यारे, हौदे, शिकारीत मारलेल्या जनावरांचे पेंढा भरलेले देह, पोशाख, पत्रे. ९ मे १९८३ रोजी ते निवर्तले.

१९६२ आणि त्याचा वाद

तत्पूर्वी १९६२ मध्ये त्यांनी वारसाची सोय केली होती. त्यांच्या कन्येचा विवाह नागपूरकर भोसल्यांच्या घरात, म्हणजे ज्या घराचे राज्य दत्तकाच्या प्रश्नावरच बुडाले होते त्या घरात, झाला होता. तिचे चिरंजीव दिलीपसिंह, जन्म ७ जानेवारी १९४८, यांना त्यांनी दत्तक घेतले. तेच आजचे शाहू महाराज. तोवर १९५६ चा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा अमलात आला होता. त्याने पुष्कळ जुने खांब पाडले. दत्तहोम अनिवार्य राहिला नाही, प्रत्यक्ष देणेघेणे पुरे झाले. विधवेला स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. मृत्यूच्या क्षणापर्यंत मागे जाणारी ती जुनी कल्पना संपली. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली. आणि लेकीचा मुलगा घेण्यावरचा मज्जाव कायद्यातून नाहीसा झाला. मुलगा अविवाहित आणि पंधरा वर्षांच्या आतला हवा, ही मात्र अट राहिली, रूढी भिन्न असेल तेथे वगळून. दिलीपसिंह त्या वेळी चौदा वर्षांचे होते.

या दत्तकाला शहरात विरोध झाला. राजाराम महाराजांच्या कन्या पद्माराजे यांच्या वंशाकडे गादी जावी, असे म्हणणारा एक पक्ष होता, आणि त्या वादाचे पडसाद निवडणुकीच्या हंगामात अजूनही उमटतात. पण वंशावळ समोर घेऊन बसले की रक्ताचा आक्षेप फारसा टिकत नाही. राजर्षी शाहू, त्यांच्या कन्या अक्कासाहेब, त्यांचे पुत्र शहाजी, त्यांची कन्या, आणि तिचे पुत्र आजचे महाराज: ही साखळी कोठेही तुटत नाही, आजचे महाराज राजर्षींचे रक्ताचे खापरपणतू आहेत. ते नाते केवळ दोनदा स्त्रीच्या मार्गाने आलेले असल्यामुळे वंश म्हणून मोजले जात नव्हते, आणि ते मोजण्याजोगे करून घेण्यासाठी दरबाराला दर वेळी दत्तविधानाचा कागद करावा लागला. पद्माराजे यांच्या बाजूचा दावाही राजर्षींच्या नातीकडूनच येतो. तेव्हा १९६२ चा झगडा दत्तक आणि औरस यांच्यातला कधी नव्हताच. तो राजर्षींच्या एका लेकीच्या आणि एका नातीच्या वंशांतला होता, आणि मुलाच्या मुलाचा वंश त्यात कोणाच्याच बाजूने उभा नव्हता.